वाकळ, हलगी आणि दोन माइक: घरच्या खोलीत आपलं गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या घराच्या माडीवर दहा बाय दहाची एक खोली आहे. खिडकी गल्लीकडे उघडते, दोन घरं सोडून पिठाची गिरण आहे आणि पाऊस लागला की वरचा पत्रा असा वाजतो की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही. याच खोलीत मी २०१९ च्या महापुरावर केलेलं गाणं रेकॉर्ड केलं. एक मुख्य आवाज, पेटी, ढोलकी, हलगी आणि मागे चार झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार). सामान म्हणजे दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र), दोन माइक आणि लॅपटॉप.

पहिला प्रयत्न वाया गेला. प्रत्येक अडचणीला आम्ही, नंतर सगळे ट्रॅक जुळवताना निस्तरू या अर्थाने, एकच उत्तर देत होतो, "मिक्सिंगमध्ये बघू." ढोलकी घुमतेय? मिक्सिंगमध्ये बघू. पेटीचा भाता फुसफुसतोय? मिक्सिंगमध्ये बघू. मग दोन आठवडे मी लॅपटॉपसमोर बसून बघत राहिलो आणि काहीच दुरुस्त झालं नाही. दुसऱ्या वेळी ते वाक्य कुणी उच्चारायचंच नाही असं ठरवलं. जे खटकेल ते तिथेच, माइक हलवून, माणूस हलवून किंवा वाद्य पुन्हा लावून सोडवायचं. त्या दुसऱ्या वेळची पद्धत इथे क्रमाने देतो.

आधी पट्टी, मग लय, मग कच्चा ट्रॅक

पट्टी ठरवताना गाण्यातली सगळ्यात उंच ओळ सलग पाच वेळा गाऊन बघा. पहिल्यांदा ती लागतेच, प्रश्न पाचव्या वेळेचा असतो, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी ती ओळ वीस वेळा गावी लागणार आहे. झीलकऱ्यांनाही तीच पट्टी पेलायला हवी. माझं गाणं काळी दोनमध्ये बांधलं होतं, ते काळी एकवर उतरवलं.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. पेटी नेमकी कुठे लागली आहे ते तपासा. मोबाइलवर ट्यूनर उघडा आणि पांढरी सहा दाबून धरा. प्रमाण ४४० हर्ट्झचं असतं, पण जुनी पेटी ४३७ ते ४४५ मध्ये कुठेही सापडू शकते. माझी ४४३ निघाली. पेटीच्या आतल्या पितळी रीड घासून सुरात आणणं हे कारागिराचं काम आहे, ते रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी होत नाही. म्हणून बाकी सगळं पेटीच्या मागे न्यायचं. तानपुऱ्याचं ॲप ४४३ वर, ट्यूनर ४४३ वर, गिटार असेल तर तीही ४४३ वर, ढोलकीची शाई पेटीच्या सा ला मिळवलेली. पुढे आवाजाचे सूर सुधारणारं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) वापरणार असाल तर त्यातही हाच आकडा भरा. तो ४४० वर राहिला तर प्लगइन तुमचा बरोबर लागलेला सूर ओढून बेसूर करील.

लयीसाठी मेट्रोनोमची टकटक मला पटत नाही. केरव्याचा साधा आठ मात्रांचा ठेका एखाद्या ॲपवर लावून त्यावर गाणं जास्त नैसर्गिक होतं. आपली पोवाड्याच्या वळणाची गाणी कडव्यागणिक चढत जातात, ती एकाच लयीत कोंबू नयेत. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कडव्याला वेगळा टेम्पो देता येतो. मी पहिलं कडवं मिनिटाला ९६ ठोके, दुसरं ९९ आणि शेवटचं १०४ असं धरलं. हे आकडे सुचण्यासाठी ढोलकीवाल्याबरोबर गाणं दोनदा मोकळेपणी गायलं आणि त्याची लय कुठे कशी चढते ते मोजलं.

मग आवाज आणि पेटीचा एक कच्चा ट्रॅक करा. तो सुंदर असण्याची गरज नाही. प्रत्येक वादक त्याच्यावर वाजवणार आणि शेवटी तो पुसून टाकला जाणार. फक्त कडव्यांची संख्या, थांबे आणि उचल त्यात अचूक असू द्या.

खोली

खोलीच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागोमाग "टर्र" असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. हा दोष काढणं सोपं आहे. घुमण्याचा दोष काढणं अवघड.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुप्पट ११२ हर्ट्झचा सूर फुगतो. लांबी आणि रुंदी सारखीच असेल तर तेच सूर दोन्हीकडून फुगतात, आणि उंचीही दहा फूट असली तर तिन्ही बाजूंनी. ढोलकीच्या घुमाऱ्याला नेमका याच भागात जोर असतो. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीची काही अक्षरं फुगलेली आणि काही गायब होती, ती वाजवणाऱ्याची चूक नव्हती. खोली तसं ऐकवत होती.

उपाय घरातच असतात. जुन्या साड्यांच्या थरांची जाड वाकळ मधल्या आणि उंच स्वरांसाठी चांगलं काम करते. ती भिंतीला चिकटवून लावू नका. दोरी बांधून भिंतीपासून चार-सहा इंच सोडून टांगा. मागच्या पोकळीमुळे ती आणखी खालचे सूरही शोषते. धनगरी घोंगडी असेल तर फारच उत्तम. दाट लोकर आणि वजन, दोन्ही तिच्यात आहे. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या करा, कारण खालचे सूर कोपऱ्यांत साठतात. कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम यांच्यावर पैसे घालू नका. फोम फक्त वरचे सूर खातो, घुमणं तसंच राहतं आणि खोली आणखी कोंदट वाटते.

यानंतर ढोलकीवाल्याला खोलीत वेगवेगळ्या जागी बसवून ऐका. मधोमध बसवू नका, भिंतीलाही टेकवू नका. आमच्या खोलीत दारापासून चार फुटांवर, किंचित तिरकं बसल्यावर प्रत्येक अक्षर सारखं ऐकू आलं. तिथे खडूने खूण केली, ती अजून आहे.

वाकळीने बाहेरचा आवाज थांबत नाही, हेही पक्कं लक्षात घ्या. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि फटी बुजवणं लागतं, म्हणजे जाड काच, जड दार आणि चौकटीला रबरी पट्टी. ते जमत नसेल तर वेळ निवडा. मी आठवडाभर एका कागदावर गल्लीची वेळ लिहिली: गिरण कधी सुरू, शाळेच्या रिक्षा कधी, आरती कधी. दुपारी दोन ते चार आणि रात्री अकरानंतर एवढीच शांतता मिळाली. जून ते सप्टेंबर पत्र्याखालच्या खोलीत आवाज रेकॉर्ड करायचा विचारच सोडा. त्या महिन्यांत गाणी बांधा, कच्चे ट्रॅक करा, जुनी मिक्स करा.

सामान

दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, दोन जड स्टँड आणि तोंडाच्या हवेचा झोत अडवणारा एक पॉप फिल्टर. एवढ्यावर या लेखातलं सगळं होतं. स्पीकर नंतर घेतले तरी चालतात, स्टँडवर मात्र काटकसर नको. माइक टेकमध्ये (एका सलग रेकॉर्डिंगमध्ये) दोन इंच खाली सरकला की आवाज बदलतो आणि नंतर जोड दिसतो.

कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो, डायनॅमिकला लागत नाही. कंडेन्सर बारकावे टिपतो, तसेच पंख्याचे आणि गल्लीचे बारकावेही टिपतो. गोंगाटाच्या घरात डायनॅमिकवर जवळून गायलेला आवाज कित्येकदा जास्त कामाचा ठरतो.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि साध्या लॅपटॉपवर सुरळीत चालतं, म्हणून मी ते घेतलं. ऑडॅसिटी मोफत आहे, पण अनेक ट्रॅकच्या मिक्सिंगला ते अपुरं पडतं असं माझं मत आहे. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँडने सुरुवात करा.

वीज

हेडफोनमध्ये सतत "हूंऽऽ" ऐकू येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट आहे. सोबत १०० आणि १५० हर्ट्झही येतात. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. यात गाण्याइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. गुणगुणाट घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कधीच मानू नका.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की बराच गुणगुणाट जातो. माइकची केबल आणि विजेची वायर शेजारी शेजारी नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. लाइट गेल्यावर घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर सुरू झाला तर त्याची चरचर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. तेवढा वेळ चहा घ्या.

सॉफ्टवेअरची मांडणी आणि लेव्हल

प्रोजेक्ट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पल किंवा त्याहून कमी. १२८ ला ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो गाणाऱ्याला सहसा जाणवत नाही. लॅपटॉप अडखळत असेल तर बफर वाढवा आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे गाणाऱ्याला आपला आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकू येईल. मिक्स करताना बफर ५१२ किंवा १०२४ करा.

सगळ्यात मोठा आघात उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) ठेवा. लाल दिव्याच्या जवळ जाण्याची गरज नाही. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, पण शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. वादक चाचणीत नेहमी हळू वाजवतो आणि टेकमध्ये रंगात येतो, म्हणून चाचणीनंतर गेन आणखी थोडा उतरवा. हलगीवाल्याच्या बाबतीत तर नक्कीच.

ढोलकी

शाईच्या बाजूला कंडेन्सर, घुमणाऱ्या बाजूला डायनॅमिक, दोन्ही पुड्यांपासून सात-आठ इंचांवर. शाईच्या बाजूचा माइक पुडीच्या मध्यावर रोखला तर थापेचा वारा येतो, काठाकडे तिरका ठेवला की बोल स्वच्छ येतात. दोन्ही माइक एकत्र ऐका आणि सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पुन्हा ऐका. ज्या स्थितीत घुमारा भरीव वाटेल ती ठेवा. दोन्हींत तो पोकळच वाटत असेल तर माइकांची अंतरं जुळत नाहीत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे एक माइक तीन-चार इंच हलवल्यानेही खूप फरक पडतो.

पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. वीस मिनिटांनी थांबून ढोलकी पुन्हा पेटीला मिळवून घ्या, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या टेकमध्ये सूर बदललेला निघेल आणि ते टेक एकमेकांना जोडता येणार नाहीत.

हलगी

हलगीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये तिची सगळ्यात जास्त दैना होते. जत्रेत अर्ध्या मैलावर पोचणारं हे वाद्य दहा फुटांच्या खोलीत आणलं की माइक, खोली आणि कान, तिघांनाही ते पेलत नाही. म्हणून लोक सरळ मशीनमधली, तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारी तयार लूप लावतात, आणि गाण्यातून कोल्हापूर निघून जातं.

हलगी बाहेर वाजवा. आम्ही गच्चीवर केली. मोकळ्या हवेत परत येणारा आवाज जवळजवळ नसतोच, त्यामुळे हलगी कोरडी आणि कडक येते. डायनॅमिक माइक चार फुटांवर, छातीच्या उंचीला, कातड्याकडे थेट न रोखता तीस-चाळीस अंश तिरका. थेट समोर बारीक काडीचा फटका इतका टोकदार येतो की बाकी काही ऐकूच येत नाही. वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी हवी.

शेकोटी पेटवून हलगी तापवली की सूर चढतो आणि गार होताना उतरत जातो. आमच्या हलगीचा नेमका आवाज तापवल्यानंतर साधारण चार-पाच मिनिटं टिकत होता. म्हणून क्रम असा ठेवला: लॅपटॉप तयार, हेडफोन कानावर, लेव्हल बांधलेली, मग हलगी तापवायची आणि लगेच एक पूर्ण टेक. पुन्हा तापवायची, पुन्हा एक टेक. सहा टेकमध्ये काम झालं. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, तर त्यांतले दोघे ऐकायला वर आले.

पेटी आणि झीलकरी

पेटीचा माइक भात्याच्या बाजूला ठेवू नका. वादकाच्या खांद्यावरून पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर, वरच्या सप्तकाकडे किंचित झुकलेला ठेवा. पट्ट्यांची खटखट जास्त येत असेल तर माइक आणखी वर न्या. वादकाची अंगठी आणि कडं काढून ठेवायला सांगा.

झीलकरी चौघं असतील तर एकाच कंडेन्सरसमोर अर्धवर्तुळात उभे करा आणि तोल अंतराने साधा. ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. हे कोल्हापूरला नवं नाही. प्रभात कंपनीने १९३२ मध्ये याच गावात पहिला मराठी बोलपट केला, तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गात आणि वादक चौकटीच्या बाहेर बसत. नंतर ट्रॅक वेगळे करून तोल सुधारण्याची सोय नव्हती, कोण किती लांब बसला यावरच तो सांभाळावा लागे. आपणही झील तशीच घेऊ शकतो. एक फेरी झाली की चौघांच्या जागा बदलून दुसरी फेरी घ्या. मिक्समध्ये एक फेरी डावीकडे, एक उजवीकडे ठेवली की चार माणसं आठ-दहा वाटतात.

मुख्य आवाज

कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून सगळ्यात कमी. म्हणून माइकची पाठ गल्लीच्या खिडकीकडे करा. मग गाणाऱ्याचं तोंड खिडकीकडे येतं आणि त्याच्या पाठीमागची भिंत माइकला दिसते. सगळ्यात जाड वाकळ त्याच भिंतीवर हवी. बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावतात आणि गाणाऱ्याच्या मागची भिंत उघडी ठेवतात, मग आवाज न्हाणीघरात गायल्यासारखा का येतो हे त्यांना कळत नाही.

तोंड आणि माइक यांच्यात सहा-आठ इंच, मध्ये पॉप फिल्टर. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ असे महाप्राण भरपूर आहेत आणि प्रत्येक महाप्राणाबरोबर हवेचा झोत येतो. "पुराचं पाणी भरभरून फुगलं" अशी ओळ असेल तर फिल्टर असूनही माइकवर धप्प आवाज येईल. माइक ओठांच्या समोरून काढून नाकाच्या उंचीवर, किंचित एका बाजूला ठेवा. झोत खालून निघून जातो आणि स्वर तेवढाच राहतो. फार जवळ गेलात तर खालचे सूर फुगतात. मऊ ओळीत ते छान वाटतं, पण कडव्याच्या मध्येच अंतर बदललं तर आवाज दोन माणसांचा वाटतो.

पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल खोलीच्या बाहेर. हेडफोनचा आवाज कमी ठेवा, तो माइकमध्ये गळतो. आधी चार पूर्ण टेक घ्या, मध्ये न थांबता. चूक झाली तरी पुढे जायचं. त्यानंतर ओळीओळीने ऐकून प्रत्येक ओळीचा सर्वांत चांगला टेक निवडा आणि ज्या ओळी कुठेच जमल्या नाहीत तेवढ्याच पुन्हा गा. निवडताना सुराच्या अचूकपणापेक्षा शब्द किती मनापासून आला आहे त्याला मी वरचा मान देतो. माझ्या गाण्यात "घर नेलं, उंबरा राहिला" ही ओळ तिसऱ्या टेकमध्ये थोडी कापली होती. तीच ठेवली.

शेवटी सगळ्यांनी गप्प राहून दहा सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. ओळींच्या मधल्या जागा भरायला तो लागतो.

मिक्स

रेकॉर्डिंग संपल्यावर दोन दिवस फाइल उघडू नका. मग प्रत्येक ट्रॅकला नाव आणि रंग द्या, टेकच्या कडा फेड करा (आवाज हळूहळू चढवा-उतरवा), नको ते कापा. श्वास सगळे काढू नका. माणूस श्वास न घेता गातो आहे असं ऐकणाऱ्याला जाणवतं आणि त्याचा जीव गुदमरतो.

पहिला तास एकही प्लगइन लावायचं नाही. फक्त फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी. सुरुवात आवाजापासून, मग ढोलकी, मग पेटी, झील, शेवटी हलगी. दोन माणसं सहज बोलू शकतील इतक्या हळू आवाजात ऐका. तेवढ्या हळू ऐकताना शब्द कळत असतील तर पाया भक्कम आहे. आवाज मध्यावर, ढोलकीचे दोन ट्रॅक मध्यापासून थोडे डावी-उजवीकडे, पेटी डावीकडे पाव भाग, हलगी उजवीकडे तेवढीच, झील दोन टोकांना. मला हा तोल जमल्यावर काम सत्तर टक्के झाल्यासारखं वाटतं.

मग इक्वलायझर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन), आणि तो मुख्यतः कापण्यासाठी. माझा काळी एकचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम १०४ च्या आसपास पडतो. म्हणजे ८० हर्ट्झच्या खाली माझ्या आवाजाचं काहीच नाही, तिथे फक्त स्टँडची धडधड आणि गल्लीतल्या गाड्या आहेत. ते हाय-पास फिल्टरने निर्धास्त काढा. तुमच्या गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर कुठला ते बघून हा आकडा स्वतः ठरवा. आवाज कोंदट वाटत असेल तर २०० ते ४०० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा. ते करताना पेटीही ऐकत राहा, कारण पेटीही त्याच भागात भरलेली असते आणि पुष्कळदा आवाजाला हात न लावता पेटीचाच तो भाग कमी केला की आवाज मोकळा होतो. "स" आणि "श" टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान डी-एसर, अगदी हलका.

आवाजाला कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) ३:१, अटॅक म्हणजे दाबायला लागणारा वेळ १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज म्हणजे सोडायला लागणारा वेळ १०० च्या आसपास, सुई तीन ते पाच डेसिबल हलेल इतकाच. हलगीला अटॅक ३० पर्यंत ठेवा. तो फार कमी ठेवला तर काडीचा कडाका कंप्रेसर गिळतो आणि हलगी पुठ्ठ्यासारखी वाजते. पेटीला कंप्रेसर मी लावत नाही, भात्याची चढउतार हाच तिचा श्वास आहे.

हलगी आणि शब्द यांची टक्कर मात्र इक्वलायझरने सुटत नाही. दोघांचाही तेज भाग २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. एकाचा कापला तर तो निस्तेज होतो. यावर जत्रेतला हलगीवाला जे करतो तेच करायचं. शाहीर गातो तेव्हा तो हात आखडतो, ओळ संपली की सोडतो. ऑटोमेशनने (आवाजाची चढउतार आधीच आखून ठेवून) प्रत्येक ओळीखाली हलगी तीन डेसिबल खाली आणा आणि ओळ संपताच वर न्या. पाच मिनिटांच्या गाण्याला हे हाताने करायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या गाण्यात कानाला सगळ्यात जास्त तेच जाणवतं.

रिव्हर्ब (जागा घुमल्याचा परिणाम) वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सगळ्यांचा थोडा थोडा भाग तिकडे पाठवा, म्हणजे सगळे एकाच जागी बसल्यासारखे वाटतात. लांबी सव्वा ते दीड सेकंद, प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) ३० मिलिसेकंद, २५० हर्ट्झच्या खालचा रिव्हर्ब कापलेला. झीलला जास्त, आवाजाला कमी, हलगीला चिमूटभर. गाणं भक्तीचं असलं की मोठ्या गाभाऱ्याचा रिव्हर्ब ओतायचा मोह होतो, त्यात सगळ्यात आधी शब्दच बुडतात.

दर पाऊण तासाने दहा मिनिटं कानांना विश्रांती द्या. स्पीकर असतील तर भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांच्या खोलीत पावणेचार फुटांवर बसा, आणि दोन स्पीकर व तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. तरीही दहा बाय दहाच्या खोलीत खालच्या सुरांवर विश्वास ठेवू नका. ते हेडफोनवर पडताळा.

बाहेर नेऊन ऐकणं आणि शेवटची पातळी

मिक्स मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, एकदा ऐका. झील अचानक पातळ झाली किंवा ढोलकीचा घुमारा गेला तर पोलॅरिटीत चूक आहे. मग मोबाइलच्या स्पीकरवर, स्वस्त ब्लूटूथवर, गाडीत. मी एका मित्राच्या रिक्षात ऐकतो, इंजिन चालू ठेवून, रंकाळ्याला एक फेरी मारत. इंजिनच्या आवाजात कुठले शब्द हरवतात ते कागदावर लिहितो आणि तेवढ्याच ओळी अर्धा-एक डेसिबल वर घेतो.

शेवटी एक लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर आवाज अडवणारा), ट्रू पीक म्हणजे आवाजाचं खरं शिखर उणे १ डेसिबल, कानाला जाणवणाऱ्या जोराची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास. स्पॉटिफाय आणि यूट्यूब त्याहून मोठं गाणं स्वतःच खाली आणतात, त्यामुळे ते दाबून दाबून मोठं करण्यात हलगीचा जीव जातो आणि हाती काही लागत नाही. माझं गाणं उणे १५ वर आलं, तिथेच ठेवलं. फाइल २४ बिट वाव्हमध्ये काढा, एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला.

नावं, हक्क, जपणूक

रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहून सह्या घ्या: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणी काय वाजवलं, मानधन किती. झीलकऱ्यांची नावंही गाण्याच्या माहितीत द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कराराने काढून घेता येत नाही, त्यामुळे कुठलीही कंपनी "सगळे हक्क आमचे" असा कागद पुढे करील तेव्हा हे तिला शांतपणे सांगा. शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या, आणि गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडून प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा क्रमांक मिळाला आहे ना ते तपासा.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. माझे सात ट्रॅक, पाच मिनिटं, म्हणजे ३०० एमबी. सगळे टेक ठेवले तर दोन-अडीच जीबी. तरी सगळे टेक ठेवा. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवर. बाहेरची डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि ते घर पंचगंगेपासून लांब आणि उंचावर असू द्या. माझी डिस्क बहिणीकडे राजारामपुरीत असते.

डिस्कच्या डबीत मी एक चिठ्ठी घालतो. त्यावर लिहिलेलं असतं: काळी एक, पेटी ४४३, लय ९६, ९९, १०४, ढोलकी दारापासून चार फूट, हलगी गच्चीवर.